कॅसान्ड्राला कनेक्शन लागत नाही तेव्हा: क्लायंटपासून नोडपर्यंतचा तपास

महापे, रबाळे, ऐरोली, बेलापूर या पट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये सकाळच्या चॅटवर एक वाक्य हमखास येतं: 'डेटाबेस डाउन आहे.' बहुतेक वेळा तो डाउन नसतो. सगळे नोड, म्हणजे डेटाबेसची मशीन, उभे असतात, सीपीयूचा ग्राफ शांत असतो, आणि तरी एका अ‍ॅप्लिकेशनला कनेक्शन लागत नसतं. मग अ‍ॅपवाले डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, बोट दाखवतात, डीबीए नेटवर्ककडे. नेटवर्कवाले सांगतात की आमच्याकडून पोर्ट ओपन आहे. यात अर्धा दिवस जातो, आणि संध्याकाळी कुणीतरी काहीतरी रिस्टार्ट केल्यावर सगळं चालू होतं. कारण मात्र कुणालाच कळत नाही, म्हणून पंधरवड्याने तेच पुन्हा होतं.

हा लेख अपाची कॅसान्ड्रा समोर ठेवून लिहिला आहे. हा अनेक नोडवर डेटा वाटून ठेवणारा डेटाबेस; ते सगळे नोड मिळून क्लस्टर होतो. मोंगोडीबी, रेडिस क्लस्टर, कॉक्रोचडीबी यांना काय लागू पडतं ते त्या त्या जागी सांगतो. उदाहरणासाठी बेलापूरमधली एक टीम धरू. न्हावा शेवा बंदरातून ये-जा करणाऱ्या कंटेनरांचा माग ठेवणारं त्यांचं अ‍ॅप आहे. क्लस्टरचे तीन नोड रबाळ्याच्या डेटा सेंटरमध्ये, तीन हैदराबादला. टीममधले काही जण ऑफिसातून, तर काही ठाण्याहून, घोडबंदर रोडवरच्या किंवा कळव्यातल्या घरातून व्हीपीएनवर काम करतात.

एका सर्व्हरच्या डेटाबेसला एकच दार असतं. ते उघडलं की काम झालं. कॅसान्ड्राचा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी, तसा वागत नाही. तुम्ही दिलेल्या एक-दोन पत्त्यांना, म्हणजे काँटॅक्ट पॉइंटना, तो आधी जोडला जातो. तिथून 'क्लस्टरमध्ये कोण कोण आहे' ही यादी घेतो, आणि मग त्या यादीतल्या नोडना स्वतंत्र कनेक्शन लावतो. म्हणजे 'एका नोडला कनेक्शन लागलं' यावरून क्लस्टरला कनेक्शन लागलं असं म्हणता येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: एरर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

चॅटवर टाकलेला स्क्रीनशॉट बहुधा पहिल्या ओळीचा असतो: 'नो होस्ट अव्हेलेबल' किंवा जावा ड्रायव्हरच्या चौथ्या पिढीत 'ऑल नोड्स फेल्ड'. ही ओळ फक्त वरचं वेष्टन आहे. ड्रायव्हरने एकेक नोड करून पाहिला आणि प्रत्येकाने नकार दिला, एवढंच ती सांगते. खरं कारण त्याच्या आत, प्रत्येक नोडपुढे वेगळं लिहिलेलं असतं. चौथ्या पिढीचा ड्रायव्हर संदेशात पहिल्या काही नोडचेच एरर दाखवतो. बाकीचे 'गेट ऑल एरर्स' ही मेथड वापरून लॉगमध्ये काढावे लागतात. ती ओळ कोडमध्ये कायमची टाकून ठेवा. सगळ्या नोडना एकच एरर असेल तर दोष क्लायंटकडे, म्हणजे कनेक्शन मागणाऱ्या बाजूला, किंवा मधल्या वाटेवर. एकालाच वेगळा असेल तर त्या नोडकडे बघायचं.

आतला एरर मिळाला की तो पुढीलपैकी कशात बसतो ते ठरवा.

'अननोन होस्ट' म्हणजे नावाचा पत्ताच सापडला नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे तुमचं पॅकेट पोहोचलं आणि समोरून ताबडतोब नकार आला: त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही, किंवा फायरवॉलने उघड नकार दिला. 'कनेक्शन टाइम्ड आउट' म्हणजे पॅकेट गेलं आणि काहीच परत आलं नाही. बहुधा फायरवॉलने ते गुपचूप टाकून दिलं किंवा वाटच नाही. 'नो रूट टू होस्ट' दिसला तर राउटिंग बघाच, पण लिनक्सवरची फायरवॉलडीसुद्धा नकार देताना अनेकदा हाच संदेश दाखवते. सगळी वाट बरोबर असूनही हा एरर आला म्हणून गोंधळून जाऊ नका.

रिफ्यूज्ड आणि टाइम्ड आउट यांतला फरक फार मोलाचा आहे. पहिला आला तर समोरच्या मशीनवर जाऊन बघा, दुसरा आला तर मधल्या वाटेवर. एवढं वर्गीकरण करून मगच कुणाला फोन केला, तर तो फोन योग्य माणसाला जातो.

एक वेगळा संदेश लक्षात ठेवा: 'नो नोड वॉज अव्हेलेबल टू एक्झिक्यूट द क्वेरी'. इथे ड्रायव्हरने एकाही नोडला ती क्वेरी पाठवून पाहिलेली नसते. क्वेरी पाठवण्याजोगा नोडच त्याच्या नजरेत नाही. अशा वेळी थेट डेटा सेंटरच्या नावाच्या पायरीवर उडी मारा.

दुसरी पायरी: तपास जिथे दुखतं तिथूनच करा

अ‍ॅप रबाळ्याच्या सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये (बंदरातला नव्हे, डॉकरसारखा सॉफ्टवेअरचा) चालतंय आणि तपास चाललाय कळव्याच्या घरातल्या लॅपटॉपवरून. यातून निघालेला निष्कर्ष अ‍ॅपला लागू पडेलच असं नाही. लॅपटॉपचा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) वेगळा, व्हीपीएनचा मार्ग वेगळा, फायरवॉलचा नियम वेगळा. पुढची प्रत्येक कमांड अ‍ॅप चालतं त्याच मशीनवर, आणि अ‍ॅप कंटेनरमध्ये असेल तर कंटेनरच्या आत शिरून चालवा. कुबरनेटिसवर असाल तर त्याच नेमस्पेसमध्ये, त्याच नेटवर्क नियमांखाली एक तात्पुरता पॉड उभा करा, कारण अ‍ॅपच्या इमेजमध्ये तपासाची हत्यारं बहुधा नसतातच.

आणि अ‍ॅप रिस्टार्ट करण्याची घाई नको. रिस्टार्टने सगळी कनेक्शन नव्याने लागतात, आणि मधल्या वाटेवर जुनी कनेक्शन मरत होती हा पुरावा पुसला जातो. प्रॉडक्शनवर धंदा थांबला असेल तर रिस्टार्ट करावाच लागतो, पण त्याआधी मिनिटभर काढून 'एसएस' या उघडी कनेक्शन दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट आणि लॉग बाजूला ठेवा. क्लस्टरचे नोड तर कारण कळल्याशिवाय अजिबात रिस्टार्ट करू नका. क्लायंटच्या दोषासाठी नोड पाडला, तर नसलेला आजार मागे लागतो.

तिसरी पायरी: नाव कोणत्या पत्त्यावर जातं?

'डिग' ही कमांड थेट डीएनएस सर्व्हरला विचारते. अ‍ॅप मात्र आधी मशीनवरची होस्ट्स फाइल बघतं. म्हणून 'डिग'बरोबर 'गेटएंट होस्ट्स' चालवून दोन्ही उत्तरं ताडून पाहा. होस्ट्स फाइलमध्ये जुन्या मायग्रेशनच्या वेळी कुणी तात्पुरती टाकलेली ओळ वर्षानुवर्षं तशीच राहिलेली सापडते. दोन्ही ठीक असूनही जावाचं अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर जात असेल, तर जेव्हीएमचा, म्हणजे जावाचा कोड चालवणाऱ्या प्रोसेसचा, डीएनएस कॅश बघा. तो सेटिंगने कायमचा करून ठेवला असेल, तर नोडचा पत्ता बदलल्याचं त्या प्रोसेसला रिस्टार्टशिवाय कळतच नाही.

डेव्हलपरच्या मशीनवर 'लोकलहोस्ट' हे नाव कधी आयपीव्ही६च्या पत्त्यावर जातं आणि कॅसान्ड्रा आयपीव्ही४वर ऐकत असतं. तिथे १२७.०.०.१ असं स्पष्ट लिहून पाहा.

चौथी पायरी: पोर्ट, आणि तोही प्रत्येक नोडचा

कॅसान्ड्राचे क्लायंट ९०४२ या पोर्टवर येतात. नोड एकमेकांशी ७००० वर बोलतात, आणि नोडटूल या देखभालीच्या कमांडसाठीचा जेएमएक्स ७१९९ वर असतो. मोंगोडीबीचा नेहमीचा पोर्ट २७०१७, कॉक्रोचडीबीचा २६२५७, रेडिसचा ६३७९.

'एनसी' ही पोर्ट उघडतो का ते पाहणारी कमांड व्ही आणि झेड हे पर्याय लावून, तीन-चार सेकंदांची मुदत देऊन, सहाही नोडच्या ९०४२ वर एकेक करून चालवा. एका नोडवर चालली म्हणून थांबू नका. नवा नोड जोडताना फायरवॉलच्या नियमात त्याचा पत्ता टाकायचा राहून गेला, हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलं आहे. तो नोड क्लस्टरमध्ये नीट काम करतो, कारण नोडांमधला ७००० उघडा असतो. क्लायंटला मात्र तो दिसत नाही. त्यात क्लायंट पूर्ण बंद पडत नाही. तो सुरू होताना अडखळतो, लॉगमध्ये इशारे टाकत राहतो, आणि उरलेल्या नोडवर जास्तीचा भार टाकतो. महिनोनमहिने हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस दुसरा नोड देखभालीसाठी खाली घेतला की सगळं एकदम कोसळतं.

इथेच नोडटूल स्टेटसवरचा आंधळा विश्वास नडतो. त्या कमांडमध्ये नोडपुढे 'यूएन', म्हणजे अप आणि नॉर्मल, दिसतं ते नोडांच्या आपसांतल्या गॉसिपवरून, म्हणजे एकमेकांना दिलेल्या खबरेवरून. क्लायंटचं दार उघडं आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी 'नोडटूल स्टेटसबायनरी' चालवा. उत्तर 'नॉट रनिंग' आलं तर देखभालीच्या वेळी कुणीतरी 'डिसेबलबायनरी' करून परत चालू करायचं राहिलं असेल. 'इनेबलबायनरी'ने दार उघडतं. नोड अजून क्लस्टरमध्ये सामील होत असेल, बूटस्ट्रॅप चालू असेल, तरी ९०४२ बंदच असतो. तिथे वाट पाहायची.

रिफ्यूज्ड येत असेल तर नोडवर जाऊन 'एसएस' कमांडने ९०४२ वर कोण ऐकतंय ते बघा. समोर १२७.०.०.१ दिसलं की कारण मिळालं. कॅसान्ड्राच्या सेटिंगच्या यामल फाइलमध्ये 'आरपीसी अ‍ॅड्रेस' मुळात लोकलहोस्ट असतो, त्यामुळे नोड फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो. तिथे नोडचा खाजगी नेटवर्कवरचा पत्ता लिहा. सिस्टिम लॉगमध्ये 'स्टार्टिंग लिसनिंग फॉर सीक्यूएल क्लायंट्स ऑन' या ओळीपुढे नेमका पत्ता छापलेला असतो. सर्व्हर सुरू झाल्यावर ती ओळ वाचायची सवय लावा.

टाइम्ड आउट येत असेल तर नोडवर 'टीसीपीडम्प' लावून क्लायंटकडून पुन्हा 'एनसी' मारा. पॅकेट नोडपर्यंत आलेलं दिसलं नाही तर मधली फायरवॉल, क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप. पॅकेट आलं पण उत्तर गेलं नाही तर नोडवरचीच फायरवॉल बघा. उत्तर गेलं आणि क्लायंटला मिळालं नाही, तर परतीची वाट चुकली आहे. नेटवर्क टीमला हा पुरावा दिला की वाद संपतो. ९०४२ सगळ्या जगाला उघडा करून 'आता चालतंय का बघू' असं मात्र कधीही करू नका. ऑथेंटिकेशन बंद असलेला डेटाबेस थोडा वेळ जरी इंटरनेटवर उघडा राहिला तरी त्याची किंमत मोठी असते.

पाचवी पायरी: क्लस्टरने सांगितलेले पत्ते

ही पायरी या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

घोडबंदर रोडवरून व्हीपीएनवर काम करणारी डेव्हलपर म्हणते, "दादा, माझ्याकडून सीक्यूएलएसएच लागतंय, क्वेरी पण चालतायत. पण जावाचं अ‍ॅप चालू केलं की टाइमआउट." सीक्यूएलएसएच, म्हणजे कॅसान्ड्राला हाताने क्वेरी द्यायची कमांड, तुम्ही दिलेल्या एकाच नोडला चिकटून बसतं, बाकीच्या नोडकडे ते जातच नाही. अ‍ॅपचा ड्रायव्हर मात्र त्या नोडकडून यादी घेतो आणि यादीतल्या पत्त्यांवर जातो. यादीत कोणते पत्ते आहेत? ते सीक्यूएलएसएचमध्येच विचारता येतं: 'सिस्टिम' कीस्पेसमधल्या (टेबलांच्या गटातल्या) 'लोकल' आणि 'पीअर्स' या टेबलांतला 'आरपीसी अ‍ॅड्रेस' हा कॉलम वाचा. कॅसान्ड्रा ४.० पासून 'पीअर्स व्ही२' हे टेबलही आहे आणि त्यात पोर्टही मिळतो.

त्या टीमच्या बाबतीत समजा व्हीपीएनवरून नोडला गाठायचा पत्ता १७२.१६.८.११ आहे, आणि पीअर्समध्ये १०.२०.५.१२, १०.२०.५.१३ असे डेटा सेंटरच्या आतले पत्ते आहेत. व्हीपीएनला १०.२०.५ चा मार्गच माहीत नाही. सोसायटीच्या वॉचमनने तुम्हाला आतल्या इंटरकॉमचे नंबर दिले आणि तुम्ही ते स्वतःच्या मोबाइलवरून फिरवत बसलात, तसं हे होतं. नंबर खरे आहेत; तुमच्या फोनवरून ते लागणार नाहीत, इतकंच.

उपाय तीन आहेत, आणि माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. पहिला: व्हीपीएनमधून डेटा सेंटरच्या त्या सबनेटला मार्ग द्या, म्हणजे सगळीकडे एकच पत्ता चालेल. यात नेटवर्क टीमला एकदाच काम पडतं आणि पुढे कुणालाच काही लक्षात ठेवावं लागत नाही. दुसरा: प्रत्येक नोडच्या यामल फाइलमध्ये 'ब्रॉडकास्ट आरपीसी अ‍ॅड्रेस' असा लिहा जो सगळ्या क्लायंटना गाठता येईल. 'आरपीसी अ‍ॅड्रेस' ०.०.०.० ठेवला असेल तर हा ब्रॉडकास्टचा पत्ता द्यावाच लागतो, आणि तो ०.०.०.० असून चालत नाही. पण हा बदल सगळ्याच क्लायंटना लागू होतो हे विसरू नका. घरून काम करणाऱ्या दोघांसाठी प्रॉडक्शनच्या अ‍ॅपचा ट्रॅफिक लांबच्या वाटेने फिरवणं योग्य नाही. तिसरा: ड्रायव्हरमध्ये अ‍ॅड्रेस ट्रान्सलेटर लावा, म्हणजे १०.२०.५.१२ मिळालं की १७२.१६.८.१२ वर जा असं भाषांतर क्लायंटमध्येच होतं. हे चालतं, पण नोड वाढला की नकाशा बदलावा लागतो आणि ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

एसएसएच टनेल का चालत नाही, याचंही कारण हेच. एका नोडकडे टनेल काढलं की काँटॅक्ट पॉइंट लागतो, आणि पुढच्याच क्षणी ड्रायव्हर टनेलबाहेरचे पत्ते शोधायला लागतो. डॉकरमध्ये क्लस्टर आणि अ‍ॅप लॅपटॉपवर, किंवा कुबरनेटिसमध्ये क्लस्टर आणि क्लायंट बाहेर, अशा मांडणीतही पॉडचे आतले पत्ते बाहेर येऊन हाच घोळ होतो. कॅसान्ड्राच्या नोडपुढे लोड बॅलन्सर ठेवूनही हे सुटत नाही, कारण पहिल्या भेटीनंतर ड्रायव्हर लोड बॅलन्सरला विचारतच नाही.

मोंगोडीबीच्या रेप्लिका सेटमध्ये क्लायंट सेटच्या कॉन्फिगमधली होस्टनावं उचलतो. तिथली नावं क्लायंटला सापडली नाहीत तर डीफॉल्टनुसार ३० सेकंद थांबून 'सर्व्हर सिलेक्शन टाइमआउट' येतो. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये 'डायरेक्ट कनेक्शन' ट्रू करून पाहा. त्याने लागलं तर निदान पक्कं. रेडिस क्लस्टर 'मूव्ह्ड' असं उत्तर देऊन दुसऱ्या नोडचा पत्ता देतो, तिथेही तीच गत. कॉक्रोचडीबीत मात्र कुठलाही नोड क्लायंटची क्वेरी घेऊन आतल्या आत डेटा शोधून आणतो, म्हणून तिथे पुढे लोड बॅलन्सर ठेवणं हीच रीत आहे.

सहावी पायरी: डेटा सेंटरचं नाव

जावा ड्रायव्हरच्या चौथ्या पिढीत काँटॅक्ट पॉइंट दिले की 'लोकल डेटा सेंटर'चं नाव देणं सक्तीचं आहे. नाव अक्षरशः जुळावं लागतं, लहान-मोठ्या लिपीसकट. चुकलं तर सगळे नोड परके ठरतात आणि वर सांगितलेला 'नो नोड' हा संदेश येतो. खरं नाव नोडटूल स्टेटसच्या वरच्या ओळीत असतं. तिथूनच कॉपी करा, आठवणीतून टाइप करू नका. अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये ईसी२ स्निच (नोड कुठल्या डेटा सेंटरमधला ते ठरवणारी सेटिंग) वापरत असाल तर जास्त जपा. जुन्या नामकरणात डेटा सेंटर 'एपी-साउथ' होतं, ४.० नंतरच्या प्रमाण नामकरणात 'एपी-साउथ-१' होतं. अपग्रेडनंतर अ‍ॅप लागत नसेल तर आधी इथे पाहा.

सातवी पायरी: टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन

पोर्ट उघडतो, मग कनेक्शन लगेच तुटतं किंवा अधांतरी लटकतं. सर्व्हरवर एन्क्रिप्शन सक्तीचं आणि क्लायंट साधा, किंवा याच्या उलट, हे आधी तपासा. त्यानंतर ओपनएसएसएलच्या 'एस क्लायंट'ने प्रत्येक नोडला जोडून सर्टिफिकेट वाचा: मुदत कधी संपते, कोणी सही केली, आणि पर्यायी नावांच्या यादीत तुम्ही वापरताय तो पत्ता किंवा नाव आहे का. लक्षात घ्या, ड्रायव्हर बाकीच्या नोडना आयपी पत्त्याने गाठतो. सर्टिफिकेटमध्ये फक्त होस्टनाव असेल आणि नावाची पडताळणी चालू असेल, तर काँटॅक्ट पॉइंट लागेल आणि बाकीचे अडतील. 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणजे जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये तुमच्या कंपनीचं रूट सर्टिफिकेट नाही. ते घाला, पडताळणी बंद करणं हा उपाय नव्हे.

घरून व्हीपीएनवर असताना हँडशेक मध्येच अडकत असेल तर पॅकेटचा आकार तपासा. छोटी पॅकेट जातात, सर्टिफिकेटचं मोठं पॅकेट वाटेत अडकतं. लिनक्सवर पिंगला 'तुकडे करू नको' असं सांगून १४७२ बाइट पाठवा. हेडर धरून ते १५०० होतात. ते जात नसेल आणि १३०० जात असेल, तर व्हीपीएन इंटरफेसचा एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, कमी करा.

आठवी पायरी: लॉगिन

पासवर्ड बरोबर, तरी काही जणांना लॉगिन होतं आणि काहींना नाही. हे विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे. युझर आणि रोल 'सिस्टिम ऑथ' या कीस्पेसमध्ये असतात आणि त्याचा रेप्लिकेशन फॅक्टर, म्हणजे प्रतींची संख्या, मुळात १ असतो. म्हणजे प्रत्येक युझरची नोंद एकाच नोडवर. तो नोड पडला की त्याच्यावर नोंद असलेले युझर बाहेर, बाकीचे आत. दोन्ही डेटा सेंटरमध्ये तीन-तीन प्रती राहतील असं या कीस्पेसचं रेप्लिकेशन बदला, आणि नंतर त्या कीस्पेसवर रिपेअर (नोडांवरच्या प्रती जुळवून घेणारं काम) चालवा. रिपेअर राहिला तर प्रती कागदावरच राहतात. 'कॅसान्ड्रा' हा मूळचा सुपरयुझर अ‍ॅपसाठी वापरू नका. अ‍ॅपला स्वतःचा रोल द्या.

नववी पायरी: लागलेलं कनेक्शन तुटतं

सकाळी पहिल्याच क्वेरीला एरर, नंतर दिवसभर ठीक. रात्रभर रिकामी पडलेली कनेक्शन मधल्या फायरवॉलने किंवा नॅटने (पत्ते बदलून पुढे पाठवणाऱ्या गेटवेने) विसरून टाकलेली असतात. अ‍ॅमेझॉनच्या नॅट गेटवेवर ही मुदत ३५० सेकंद आहे. लिनक्सचा टीसीपी कीपअलाइव्ह मुळात ७२०० सेकंदांनी जागा होतो, त्याच्या भरवशावर राहता येत नाही. जावा ड्रायव्हर ३० सेकंदांनी स्वतः हार्टबीट पाठवतो. तो कुणी बंद केला किंवा खूप वाढवला असेल तर पूर्ववत करा.

भार वाढल्यावरच तुटत असेल तर सेशन मोजा. प्रत्येक रिक्वेस्टला नवा सेशन उघडणारा कोड आजही सापडतो, आणि प्रत्येक सेशन सगळ्या स्थानिक नोडना कनेक्शन लावतो. पूर्ण अ‍ॅपला एकच सेशन हवा, तो सुरुवातीला उघडायचा आणि बंद होताना मिटवायचा. कॅसान्ड्रा ४.० वर 'नोडटूल क्लायंटस्टॅट्स' सांगतं की कोणता क्लायंट किती कनेक्शन धरून बसलाय. क्लायंटवर 'टू मेनी ओपन फाइल्स' येत असेल तर उघड्या फाइलींची मर्यादा बघा. ती पुष्कळ ठिकाणी १०२४ असते. मर्यादा वाढवण्याआधी गळती बुजवा.

दहावी पायरी: हा कनेक्शनचा एरर नव्हेच

'अनअव्हेलेबल' आणि 'रीड टाइमआउट' हे एरर कनेक्शन लागल्यावरच येतात. अनअव्हेलेबल म्हणजे तुमची क्वेरी घेणाऱ्या नोडला आधीच ठाऊक होतं की पुरेशा प्रती जिवंत नाहीत. त्याने प्रयत्नही केला नाही. रेप्लिकेशन फॅक्टर ३ आणि लोकल क्वोरम (स्थानिक डेटा सेंटरमधल्या बहुसंख्य प्रती) असेल तर तीनपैकी दोन प्रती लागतात. टाइमआउट म्हणजे प्रयत्न झाला, उत्तर वेळेत आलं नाही. यात 'राइट टाइमआउट' जपून हाताळा: डेटा लिहिला गेला असण्याची शक्यता असते. बंदरातल्या कंटेनरची गेटमधली नोंद पुन्हा लिहिली तरी तीच राहते, तिथे रिट्राय चालेल. काउंटर वाढवणाऱ्या क्वेरीला रिट्राय केला तर आकडा दोनदा वाढू शकतो.

वेळांचाही ताळमेळ बघा. जावा ड्रायव्हर मुळात २ सेकंदांत हात टेकतो, सर्व्हर एका रीडसाठी ५ सेकंद देतो. त्यामुळे क्लायंट निघून गेल्यावरही सर्व्हर काम करत राहतो, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच तक्रार दिसत नाही. अशा वेळी नोडचे गार्बेज कलेक्शनचे (मेमरी साफ करण्याचे) लांब थांबे आणि मोठी पार्टिशन तपासा.

तिकीट टाकताना

इथवर येऊनही दुसऱ्या टीमची मदत लागली तर तिकिटात हे लिहा: क्लायंटचा पत्ता आणि तो कंटेनरमध्ये आहे का, प्रत्येक नोडचा पत्ता, पोर्ट आणि त्याच्यापुढे 'एनसी'चा निकाल, ड्रायव्हरचं नाव आणि आवृत्ती, आतला एरर जसाच्या तसा मजकूर म्हणून, फोटो नको, पीअर्स टेबलचं आउटपुट, सगळ्याच क्लायंटना होतंय की एकालाच. वेळ लिहिताना ती भारतीय की यूटीसी ते स्पष्ट करा. सर्व्हरचे लॉग पुष्कळदा यूटीसीत असतात, आणि 'सकाळी साडेदहाला आलेला एरर' शोधायला समोरचा माणूस लॉगमध्ये १०:३० उघडतो, जेव्हा तो ०५:०० ला पडलेला असतो.